राज्यमासा आणि रविवारचे तज्ज्ञ

मासे कळणं हा मराठी पुरुषाचा वडिलोपार्जित हक्क आहे. रविवारी सकाळी माहीमच्या सिटीलाइट बाजारात पिशव्या घेऊन हे हक्कदार उतरतात. पापलेटाचा कल्ला उचलून आत डोकावतात, पोटावर अंगठा दाबतात आणि निकाल देतात, ‘‘बर्फातलं दिसतंय.’’

‘‘बर्फातलंच हाय भाऊ,’’ मावशी म्हणते. ‘‘बोट चार दिवस बाहेर होती. दर्यात काय फ्रीज ठेवलाय?’’

निकाल ताजेपणाचा नसून भावाचा असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. मॉलमध्ये थर्माकोलच्या ताटलीत प्लॅस्टिकखाली निजलेल्या माशाचा कल्ला मात्र कोणी उचलत नाही. तिथे छापील किंमत मुकाट्याने मोजली जाते, वर पिशवीचेही पैसे.

पापलेट आता साधासुधा मासा राहिलेला नाही. 2023 मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं. शेकरू आणि हरियाल यांच्या पंगतीत त्याला पाट मिळाला. आपल्याकडे पाट मांडला गेला की समजावं, पाहुण्याची प्रकृती बरी नाही. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची पकडण्याजोगी किमान लांबी ठरली. पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. पिल्लं एकदा तरी विणीपर्यंत जगावीत, एवढीच माफक अपेक्षा. कल्ल्याचा रंग दहा पावलांवरून ओळखणाऱ्या तज्ज्ञाला ही लांबी दिसत नाही. उलट तोच मागतो, ‘‘छोटी छोटी दे गं, अख्खी तळायला बरी. तव्यावर चार बसली पाहिजेत.’’ वाटा पिशवीत पडला की घरी जाताना तो शेजाऱ्याला सांगतो, ‘‘या ट्रॉलरवाल्यांनी समुद्राची वाट लावली.’’

त्याची खरी कमाल पावसाळ्यात पाहावी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, कारण माशांच्या विणीचा हंगाम. याच दिवसांत आषाढ सरत येतो आणि गटारीच्या धास्तीने आमचा तज्ज्ञ खवळतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला उठलेली असते. मग तिकडची सुरमई अर्धा देश ओलांडून दादरला येते आणि तो ती ‘आपली मालवणची’ म्हणून खातो.

1 ऑगस्टला बोटी सुटतात. थोड्याच दिवसांत पाट्या भरू लागतात, भाव उतरतो आणि नेमका तेव्हाच तज्ज्ञ सात्त्विक झालेला असतो. श्रावण! पाटीकडे पाहायचं नाही, फक्त भाव विचारायचा.

‘‘मावशी, एवढी स्वस्त? गणपती उठेपर्यंत हाच भाव धरून ठेव हं.’’

‘‘ठेवते की. तू जाऊन सुरमईला सांगून ये, तवर जाळ्यात येऊ नको म्हणावं.’’