शेवटच्या शिल्लक खोलीस

प्रति,
‘फक्त 1 खोली शिल्लक’,
मुंबई.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू मला ओळखत नाहीस, पण मी तुला रोज रात्री मोबाइलवर बघतो. तांबड्या अक्षरांत तू एकटीच शिल्लक असतेस. सोमवारी शिल्लक होतीस, गुरुवारीही होतीस. ‘या क्षणी 23 जण ही खोली बघत आहेत’ असंही तुझ्याखाली लिहिलेलं असतं. रात्री दीड वाजता तुला बघणारे हे कोण? आमच्यासारखेच असणार, सोलापूर, लातूर, परभणीकडचे. इतक्या जणांनी बघूनही तू मागे राहिलीस याचं कौतुक वाटतं, आणि थोडी शंकाही येते.

आमचं मागणं मोठं नाही. शनिवार-रविवार, माणसं चार. आम्ही दोघं, मुलगी आणि आई. शनिवारी रात्री दादरला शिवाजी मंदिरात नाटक, रविवारी राणीच्या बागेत पेंग्विन, मग गेटवेला फोटो आणि रात्रीच्या गाडीने परत. या पेंग्विनांचा तर मला मनापासून हेवा वाटतो. 2016 साली आठ जण दक्षिण कोरियाहून आले. ना आधार कार्डाची झेरॉक्स, ना ॲडव्हान्स. महापालिकेने त्यांना थेट भायखळ्यात एसी जागा दिली, पोहायला पाणी दिलं, वेळच्या वेळी मासळी दिली आणि चेक-आउट किती वाजता म्हणून आजतागायत विचारलेलं नाही. आम्ही महाराष्ट्रातलेच, तेव्हा एवढा मान मिळणार नाही हे समजून आहोत.

आता भावाचं बोलू. तुझ्या फोटोखाली आधी एक मोठा आकडा असतो आणि त्यावर काट मारलेली असते. खाली लहान आकडा, शेजारी हिरव्या अक्षरांत भरघोस सूट. त्या काट मारलेल्या भावाने मुंबईत आजवर कोणी राहिलं असेल, तर त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. पुढे पैसे भरायच्या पानावर ‘कर आणि शुल्क’ उगवतात आणि लहान आकडा पुन्हा बाळसं धरतो. तिसऱ्या माणसाचे वेगळे, चौथ्याचे वेगळे. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच बाकी होते. पण या 5 टक्क्यांत तुझ्या मालकाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. साबणापासून चादरीपर्यंत त्याने भरलेला कर त्याच्या अंगावर पडतो. तो अंगावर ठेवून घेणारा मालक मला तरी अजून भेटलेला नाही.

शनिवार आला की तुझ्या अंगात येतं, त्यातही तू कुलाब्याची किंवा जुहूची असशील तर विचारायलाच नको. बीकेसी आणि सीप्झकडच्या तुझ्या बहिणींचं उलट आहे. सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या पैशांवर त्या तोऱ्यात असतात आणि शनिवारी कोटवाले गिऱ्हाईक घरी गेलं की जरा नरमतात. (वाचकांनी हे टिपून ठेवायला हरकत नाही.) अर्थात या नरमाईवर फार विसंबू नये. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेची मंडळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गायला आली, तेव्हा नवी मुंबईतल्या एरवी कोणी ढुंकून न बघणाऱ्या खोल्यांनीही आपले भाव आभाळाला भिडवले. आम्ही येतोय ते फक्त पेंग्विन बघायला. ते गात नाहीत.

तुझं रूप आम्ही ओळखून आहोत. मागे तुझ्याच एका नातलगाकडे उतरलो होतो. फोटोत पलंगाच्या चहूबाजूंनी फिरता येईल इतकी जागा होती. प्रत्यक्षात पलंग तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला, त्यामुळे आतल्या माणसाला बाहेर यायचं तर बाहेरच्याने आधी उठायचं. बाथरूमचं दार उघडलं की कमोडला लागायचं आणि अर्ध्यावरच थांबायचं. खिडकी होती. ती डक्टमध्ये उघडायची, समोर एसीची यंत्रं आणि त्यांवर कबुतरं. खाली काउंटरवर जाडजूड रजिस्टर होतं, त्यात कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण असे रकाने. आधीच्या सगळ्यांनी कारणाच्या रकान्यात ‘काम’ लिहिलं होतं. मी ‘हौस’ लिहिलं, तर मॅनेजरने मान वर करून माझ्याकडे नीट बघून घेतलं. एक्स्ट्रा बेड मागितला तेव्हा पोऱ्या एक गादी घेऊन आला आणि ती अंथरायची कुठे, यावर आमच्याबरोबर तोही विचार करत उभा राहिला.

पण जागेचं, भावाचं, कबुतरांचं सगळं चालवून घेऊ. माझं खरं भांडण तुझ्या घड्याळाशी आहे. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, अशा महाराष्ट्रातून रात्री निघणाऱ्या बहुतेक गाड्या सकाळी मुंबईत पोचतात. तशा त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. माणसाने रात्र गाडीत काढावी, दिवसभरात मंत्रालयातली, कोर्टातली, दवाखान्यातली कामं उरकावीत, असा तो हिशेब. आणि तू दार उघडणार दुपारी दोनला! मधल्या वेळात पारोशा माणसांनी करायचं काय? सामान क्लोकरूमला ठेवता येतं, तेही बॅगेला कुलूप असेल तर. आईला ठेवता येत नाही. ‘अर्ली चेक-इन’ मागावं तर अर्ध्या दिवसाचं भाडं जादा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तू आम्हाला बाहेर काढणार आणि गाडी रात्रीची. म्हणजे पैसे पुऱ्या दिवसाचे घ्यायचे आणि दिवसाचे तीन तास परस्पर गिळायचे. आमच्याकडच्या जुन्या लॉजमध्ये आत आल्यापासून चोवीस तास धरतात. पाटीवरही तसं लिहितात. एवढा साधा हिशेब शेअर बाजार चालवणाऱ्या शहराला जमू नये?

याच मुंबईत पूर्वी परगावच्या माणसाची सोय होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक उतरत, 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडं, होते. भिंतीला लागून ज्याची त्याची पेटी, रात्री जमिनीवर पथारी, आणि संध्याकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेला हजर राहायचं एवढी मुख्य अट. गिरणगावात सातारा-कोकणातली माणसं एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळवाल्या बाईकडे जेवत. ते दिवस सुखाचे होते असं म्हणण्याचा निलाजरेपणा मी करणार नाही. एका खोलीत डझनभर माणसं राहत होती, ती काही हौसेने नव्हे. पण तिथे गावाचं नाव सांगितलं की पथारी पसरायला जागा मिळत होती. आता लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात पंचतारांकित हॉटेल उभं आहे आणि तिथे गावाचं नाव कोणी विचारत नाही.

रेल्वेने मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर 2021 मध्ये पॉड हॉटेल काढलं. सुरुवातीला 12 तासांचे 999 रुपये होते. एकट्यादुकट्याला उत्तम. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, “ही तर दार लावलेली वरची बर्थ. मग गाडीतनं उतरायचं तरी कशाला?”

आमदार निवासाचा मार्गही सुचवला गेला. पण त्यासाठी आमदारांचं पत्र लागतं, आणि पत्रासाठी आधी कार्यकर्ता व्हावं लागतं. मुंबईत नातेवाईक आहेत. फोन केला की “अरे वा, या ना! उतरणार कुठे?” असं एका दमात विचारतात. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये त्यांचीच पाच माणसं राहतात. त्यांना कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

तेव्हा मालकाला विचारून एवढं कर. सूट नको, काट मारलेला आकडाही नको. चार माणसांचा, कर धरून, एकच भाव सांग. सकाळी सातला दार उघड आणि तिथून चोवीस तास मोज. गादी कुठे अंथरायची ते आमचं आम्ही बघू. उत्तर ॲपवर नको, फोनवर दे. ॲपवाल्यांचं कमिशन तुझ्याच भाड्यातून जातं, म्हणून मालकाशी थेट बोललं की दोन-चारशे रुपये सुटतात, हे आता सोलापुरातही माहीत झालं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शनिवार-रविवारचं एक गिऱ्हाईक
(अधिक तीन)