वजन कुठंय?

मास्तर आमच्या सोसायटीत राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. चौथ्याच दिवशी जिन्यात गाठ पडली. मी भाजीच्या दोन पिशव्या सावरत वर चढत होतो, ते उतरत होते. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "डावा गुडघा जपून वापरताय. लहानपणी पडला होता का?"

पडलो होतो. सातवीत, सायकलवरून. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण हे बायकोलाही माहीत नव्हतं.

आमच्या अण्णांना हा माणूस पहिल्यापासून खटकला. अण्णा रोज पहाटे साडेपाचला दूध आणायला निघायचे आणि त्याच वेळी मास्तर पुढच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे. "तो पीटी माझ्या पायांकडे बघत असतो," अण्णांनी तक्रार केली. मी म्हटलं, बघू दे की, तुमचं काय जातं? अण्णांनी मागच्या फाटकातून जायला सुरुवात केली. आठवड्याभरात मास्तरांचा चहा मागच्या बाल्कनीत गेला.

पीटी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. मास्तर खरोखरच शाळेत पीटीचे शिक्षक होते. कदमताल, लेझीम, २६ जानेवारीचं संचलन. बिघडले ते 'घाशीराम कोतवाल'मुळे. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेलं ते नाटक मास्तरांनी बऱ्याच वर्षांनी, एका नंतरच्या प्रयोगात पाहिलं. त्यातला तो ब्राह्मणांच्या रांगेचा पडदा, पाठ फिरवून उभा राहणारा, डोलणारा, मधेच उघडून पुन्हा मिटणारा. तेंडुलकरांची भाषा, चंदावरकरांचं संगीत यावर लोक बोलत बोलत घरी गेले. मास्तर मात्र रात्रभर कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या त्या हालचालींचाच विचार करत राहिले. "अहो, पडदा चालत होता!" हे वाक्य मी आजवर निदान साठ वेळा ऐकलंय. दर वेळी ते उठून करूनही दाखवतात. एकटेच. एका माणसाची रांग कशी दिसते ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

पुढे कुठून कुठून पुस्तकं मिळवून वाचली आणि पॅरिसला शाळा काढणारे जाक लकॉक हेही मुळात व्यायामशिक्षकच होते, असा शोध लागला. त्या दिवशी मास्तरांनी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे, असं विचारलं तर म्हणाले, "आमच्यातला एक निघाला."

आता त्यांच्या कार्डावर 'मूव्हमेंट डायरेक्टर आणि अॅक्टिंग कोच' असं छापलंय. म्हणजे ते नटांना चालायला, बसायला, उठायला आणि उभं राहायला शिकवतात. हे सगळं तर आपण दीड वर्षाचे असतानाच शिकतो, मग त्याचे पैसे कसले, हा प्रश्न सोसायटीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारलेला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नातीला गरब्याच्या स्टेप्स शिकवा म्हणून घेऊन आल्या होत्या. वॉचमनची समजूत अशी की मास्तर अॅक्युप्रेशर करतात.

मास्तरांना स्कूटर चालवता येत नाही. तोल म्हणजे काय यावर दोन तास बोलू शकणाऱ्या माणसाला दुचाकी येत नाही, यावर मी काही बोलत नाही. संध्याकाळी त्यांना तालमीला सोडायला मी जातो आणि बहुतेक वेळा तिथंच अडकतो. एका शाळेचा हॉल, कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी, किटलीतला चहा, एकांकिका स्पर्धेच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली कॉलेजची पोरं. पहिले पंधरा दिवस त्यांच्या हातात संहिता पडत नाही. नुसतं चालायचं. दिग्दर्शक घड्याळ बघतो, मास्तर पाय बघतात.

"वजन कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पोरगा म्हणतो, बासष्ट किलो. "किती नाही रे बाबा, कुठं! टाचेवर की चवड्यावर?" मग, "हे खांदे कुणाचे आहेत? तुझे की पात्राचे?" आणि कुणी फार भाव खाऊन चालायला लागला की, "अॅक्टिंग करू नकोस. दुकानात जा आणि ये."

त्यांच्या मते माणूस शरीराच्या कुठल्या तरी एका भागामागून चालत असतो. कुणी नाकामागून जातो, कुणी पोटामागून. आमचे चेअरमन छातीमागून येतात आणि मीटिंगमध्ये हिशोब मागितला की गुडघ्यांमागून परत जातात. हे एकदा ऐकलं की वाट लागते. मी बँकेत काउंटरवर बसून कर्ज मागायला येणाऱ्यांची हनुवटी बघायला लागलोय.

सगळ्यात रंगतात ते लाबानच्या आठ क्रियांवर. रुडॉल्फ लाबान हा नृत्यातला माणूस. युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यानं कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचाही अभ्यास केला. जोर किती, वेग किती, दिशा सरळ की वळणाची, एवढ्यावरून त्यानं आठ मूळ क्रिया काढल्या. मास्तरांनी त्या थेट स्वयंपाकघरात आणून ठेवल्या: दाबणं, पिळणं, टिपणं, झटकणं, ठोसणं, सपकारणं, घसरणं, तरंगणं. एकदा सासूचं काम करणारी मुलगी अडली होती. वाक्य काय, तर "आलीस?" सून बाहेरून आलीय, सासू विचारते, आलीस? मुलगी भुवया चढवून, मान झटकून, मालिकेतल्यासारखं तीनदा वळून बघत होती. मास्तर म्हणाले, "भुवया घरी ठेव. ओला टॉवेल पीळ." तिनं हवेत टॉवेल पिळला. "पिळता पिळता म्हण." ती म्हणाली, आणि पाण्याच्या बाटलीकडे निघालेला एक पोरगा जागच्या जागी थांबला. "आता कपाळावरचा घाम टिपल्यासारखं म्हण." तोच शब्द, पण सासू एकदम प्रेमळ झाली. "आता झटक." सासूला सून आली काय, गेली काय, फरक पडेनासा झाला. मी घरी जाऊन हे बायकोला सांगायला उत्साहानं दार ढकललं तर ती म्हणाली, "आलात?" पिळून.

सिनेमावाल्यांशी मात्र त्यांचं फारसं जमत नाही. क्लोजअपमध्ये पाय दिसत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. "पाय दिसले नाहीत तरी चेहऱ्याला कळतं ना, आपण कशावर उभे आहोत ते!" एका मालिकेच्या नायिकेला त्यांनी सांगितलं की नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी दिल्यात, तुम्ही दोनच वापरता. पुढच्या आठवड्यापासून त्यांना गाडी आली नाही.

एका ऐतिहासिक चित्रपटात चाळीस मावळे चालवायचं काम मिळालं होतं. आलेली सगळी पोरं जिममधली. दंड बाहेर, छाती वर, दोन्ही काखांत कलिंगड धरल्यासारखी चाल. मास्तर म्हणाले, "हा घाट चढणारा माणूस आहे, त्याला छाती दाखवायला वेळ कुठला?" आणि पाठीवर वाळूची पोती देऊन चाळीसही जणांना टेकाडावर तीनदा चढवून उतरवलं. तिसऱ्या फेरीला गुडघे आपोआप वाकले, नजर पुढच्या दगडावर आली, कलिंगडं गळून पडली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. प्रॉडक्शन मॅनेजरच्याही, जेवणाची वेळ टळून गेली होती. चित्रपटात तो प्रसंग धुक्यात घेतलाय. श्रेयनामावलीत फाईट मास्टर आहेत, घोडे पुरवणारे आहेत, हे नाहीत. पैशांच्या पाकिटावर 'डान्स मास्टर' लिहिलं होतं. ते पाकीट त्यांनी जपून ठेवलंय आणि नवीन माणूस आला की दाखवतात, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं.

हेच मास्तर घरी मात्र खुर्चीत कोळंबीसारखे वाकून बसतात. त्यांची बायको आतून ओरडते, "मणका!" मास्तर ताठ होतात, मिनिटभर.

गेल्या जुलैतली गोष्ट. एकांकिकेत एका म्हाताऱ्याचं काम एकोणीस वर्षांच्या पोराकडे होतं. पोरानं कंबरेत वाकून, हात थरथरवत, खोकत खोकत हॉल ओलांडला. मास्तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हातारा माणूस म्हातारं दिसायचा प्रयत्न करत नाही रे. तो पडू नये एवढंच बघतो." आणि उठून स्वतः चालू लागले.

उजवा हात सदऱ्याच्या खिशात, मूठ आवळलेली. पावलं लहान, पण संथ नाहीत. मधे एक उंबरठा होता, म्हणजे नव्हताच, पण तिथं डाव्या चवड्यानं आधी चाचपून पाहिलं आणि मगच वजन टाकलं. वळताना मान नाही, अख्खं अंग वळलं. आणि फाटकापाशी आल्यावर वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे एक नजर.

अण्णांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"ती मूठ कशाला, सर?" पोरानं विचारलं.

"खिशात किल्ल्या आहेत. वाजू नयेत म्हणून धरल्यात. वर कुणीतरी झोपलंय."

शेवटच्या आजारात आईचा डोळा पहाटेच लागायचा. मास्तर आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

पोरगा पुन्हा चालला. खोकला नाही, थरथर नाही. पण हात नुसताच खिशात.

"किल्ल्या कुठायत?" मास्तर ओरडले.

"सर, प्रॉपर्टीत नाहीयेत."

मी माझ्या काढून दिल्या.