उघाड पाहून निघू

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वाशीमला दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कृषी केंद्रांपुढे सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग लागते आणि आमच्या गल्लीतले अप्पा तलाठी सहलीची वही काढतात. रांग आठ-दहा दिवसांत ओसरते. वही दिवाळीपर्यंत मिटत नाही.

अप्पांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पण तलाठीपण पेन्शनीसोबत सुटत नाही. उभी हयात सातबारा, पंचनामे आणि मंडळातला पाऊस लिहिण्यात गेली. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, खाली राहिला तर नुसता पाऊस, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. ६४ मिलिमीटरमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरलं तरी अप्पा ते मान्य करत नाहीत. गच्चीवर त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक केलाय. सकाळी ठीक साडेआठला, वेधशाळा मोजते त्याच वेळी, छत्री घेऊन वर जातात. बाटलीला डोळा लावतात, खिशातल्या शाळकरी पट्टीनं पाणी मोजतात आणि वहीत टिपतात. मध्येच कावळा पाणी पिऊन गेला तर शेऱ्यात लिहितात, ‘कावळ्यामुळे तूट.’

सहलीचा हिशोबही त्याच चालीवर. तुम्हाआम्हाला सहल म्हणजे गाडी सांगायची, पुऱ्या बांधायच्या नि निघायचं. अप्पा सहलीची पैसेवारी काढतात. पिकाची काढतात तशीच. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. ५० पैशांच्या आत आली की तो रविवार बुडीत. गेल्या नऊ वर्षांत एकही रविवार अंतिम पैसेवारीत टिकलेला नाही. कलेक्टरनं जिल्ह्याची पैसेवारी जाहीर केली की निदान अनुदानाची आशा असते, अप्पांच्या घरी तीही नाही.

जायचं असतं चिखलदऱ्याला. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणून एवढंच एक, त्यामुळे निवड सोपी वाटते. पण अप्पांना चिखलदरा कसा हवा? भीमकुंडात धबधबा धो धो पडतोय, देवी पॉइंटवरून दरी स्वच्छ दिसतेय, गाविलगडावर कोवळं ऊन आणि परतवाड्यापासून वरचा घाट कोरडा. माझ्या मते असा चिखलदरा फक्त कॅलेंडरवर असतो, तोही फेब्रुवारीच्या पानावर. मी एकदा म्हटलं, “अप्पा, पाऊस असला तर धुकं असणारच.”

“थेच तं सांगून राहिलो बापू,” अप्पा म्हणाले, “पाऊस शुक्रवारी पडाले पाह्यजे अन् आपण रविवारी जाले पाह्यजे.”

यात शास्त्र नाही असं समजू नका. अप्पांना विदर्भाचा पाऊस तोंडपाठ आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकतं आणि आपल्याकडे झड लागते. ते आलं की पूर्णेला पाणी चढतं आणि अकोल्यापुढे गांधीग्रामचा रस्ता अप्पांच्या वहीत ‘शंकास्पद’ होतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की इकडे खंड पडतो. मग रस्ते कोरडे आणि धबधबेही कोरडे. थोडक्यात, पाणी असलं की वाट नाही आणि वाट असली की पाणी नाही. या दोहोंच्या मधली फट शोधण्यात अप्पांची नऊ वर्षं गेली.

त्यात वेधशाळेची भाषा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पावभागापर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, असा तो हिशोब आहे. अप्पा एवढ्यावर थांबत नाहीत. “तुरळक म्हंजे नेमके कोणते गट नंबर?” असं ते टीव्हीला विचारतात. पिवळ्या इशाऱ्याला रेनकोट काढतात, नारिंगीला परत ठेवतात. हिरवा असला की जास्तच संशय येतो. नक्षत्रांची वाहनंही सोडलेली नाहीत. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की गाडी सांगत नाहीत, आणि गाढव असलं की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, “आता तरी निघा, आपलंच वाहन आहे.”

एका वर्षी तर अक्षय तृतीयेला भेंडवळला जाऊन आले. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावच्या घटमांडणीकडे अवघ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचे डोळे असतात. घटात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यावर घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय भिजलं, काय हललं ते पाहून भाकीत सांगतात. लोक कपाशीचं विचारत होते, तुरीचं विचारत होते. अप्पांनी शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, “जुलैच्या ढेकळात तिसरा रविवार कोन्या अंगाला येते?” म्हातारा उठून दुसरीकडे बसला.

खरी अडचण निराळीच आहे. रिसोड रस्त्याला अप्पांचं पाच एकर सोयाबीन आहे. जिल्ह्याचा पाऊस वर्षाकाठी ८०० मिलिमीटरच्या आसपास, सगळा भरवसा त्याच्यावर. त्यामुळे उघाड पडली की सहलीसाठी जीव फुलतो आणि शेतासाठी सुकतो. झड लागली की उलट. सकाळी देवापुढे हात जोडून ते तोंडानं पुटपुटतात ते मी कान देऊन ऐकलंय: “वावरात पडू दे, पातूरच्या घाटात नको.” देवाला चतुःसीमा आखून देणारा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या वर्षी मात्र सगळं जमलं होतं. सुधारित पैसेवारी चक्क ६२. पहाटे पाचला भाड्याची जीप दारात. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सामानावर टाकायला पन्नी, सगळं भरलं. नातवंडं आत बसली. मलाही मागच्या सीटवर जागा होती, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. अप्पा फोन घेऊन ओट्यावर उभे राहिले आणि वाटेवरच्या माणसांना एकेक करून उठवू लागले. मालेगावचा भाचा म्हणाला, भुरभुर आहे. मेडशीला जुना कोतवाल, तो म्हणाला चांदणं आहे. पातूरचा साडू उचलेना. अकोल्याला उकडत होतं. परतवाड्याच्या मित्राला अप्पांनी विचारलं, “वर ढग कसे आहेत? काळे का राखी?”

“अप्पा,” तिकडून आवाज आला, “मी खाटेवर आहो. छत दिसून राहिलं.”

अप्पांनी फोन ठेवला. वहीत लिहिलं, ‘परतवाडा : माहिती अप्राप्त.’ मग साडूच्या फोनची वाट पाहिली. साडेसहा झाले, आठ झाले. साडेआठला ते पाऊस मोजायला गच्चीवर गेले. ड्रायव्हरनं पुऱ्यांचा डबा उघडला तो बंद केलाच नाही, अकरा मी मोजल्या. दहा वाजता अंतिम पैसेवारी आली, ४८. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन होतं. पापड वाळले असते.

मी चिडून म्हणालो, “अप्पा, आपला जिल्हासुद्धा भर पावसाळ्यात, १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा निघाला. त्यानं कुठे ढग पाहिले होते?” अप्पा शांतपणे म्हणाले, “म्हनूनच तं अजून सुकला नाही नीट.”

यंदा त्यांनी नवी योजना मांडली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा पाहायचं महाबळेश्वर, पण मुक्काम खाली वाईला, डोंगराआडच्या कोरड्या बाजूला. नकाशा काढला, रेघा मारल्या. काकूंनी नकाशा घडी करून डब्याखाली घातला.

ऑगस्टमधली गोष्ट. नारिंगी इशारा होता. अप्पा मापक पुसत होते, आणि काकू बचत गटाच्या बायकांबरोबर एसटीच्या अर्ध्या तिकिटात चिखलदऱ्याला निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “आलुबोंडे करून ठेवले आहेत, गरम करून खा.” दुसऱ्या दिवशी रात्री परतल्या त्या नखशिखांत भिजून, आवाज बसलेला, चेहरा मात्र असा की मी तो त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. भीमकुंड दिसलंच नाही म्हणे, नुसतं धुकं. पण आवाज येत होता. धुक्यात उभ्या राहून बायकांनी कणसं खाल्ली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा लावून विचारलं, “किती मिलिमीटर झाला असंल?”

“लुगडं पिळलं तेव्हा मोजायचं राह्यलं,” काकू म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

मी वही पाहिली. त्या तारखेला वाशीमच्या रकान्यात अप्पांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय: पाऊस, निरंक.