तळ्याविना बेट

सारसबागेतल्या बेटावर जायला होडी लागत नाही, पार्किंग लागतं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, मधे बेट राखलं. पुढे १७८४ साली सवाई माधवरावांनी तिथे गणपती बसवला. तळ्यात नौकाविहार चाले, खलबतंही चालत. वल्ही मारायला म्हणे मराठी न समजणारे हबशी असत. तळं गेलं, बाग आली, खलबतं थांबली नाहीत. शेजारच्या चौपाटीवर पावभाजी खाता खाता फ्लॅटचे सौदे आणि घटस्फोटाच्या अटी मोबाइलवर खणखणीत आवाजात ठरतात. ऐकणाऱ्यांना मराठी उत्तम समजतं. गणपती बिचारा थंडीत स्वेटर-कानटोपी घालून सगळं ऐकतो. पावसाळ्यात भोवतीचे रस्ते तुंबले, की त्याला तळं परत मिळतं, तेही विनानिविदा.