ट्रेलरवाले काका

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक तरी ट्रेलरवाले काका असतात. नोकरी चालू असेपर्यंत ते ओळखू येत नाहीत. तोवर ते गणपतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे, आरतीला झांजा चुकीच्या ठेक्यात पण मनापासून वाजवणारे आणि मोदक कमी पडताहेत असं दिसलं की 'मला नको, शुगर आहे' म्हणणारे साधे गृहस्थ असतात. निवृत्तीचा केक कापला की मात्र वर्षाच्या आत त्यांच्या दारात २४ फुटी पांढरा ट्रेलर येऊन उभा राहतो. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. पाठोपाठ सोसायटीची नोटीसही येते, कारण घरासमोर ट्रेलर उभा करायला तिथल्या बऱ्याच सोसायट्यांत बंदी असते. (सोसायटी आणि नोटीस या दोन गोष्टी मराठी माणूस पुण्यात सोडून आला असं समजतो. त्या आधीच्या विमानाने पोचलेल्या असतात.) काका नोटिशीला मुद्देसूद उत्तर पाठवतात, हरतात, आणि ट्रेलर गावाबाहेर भाड्याच्या जागेत नेऊन ठेवतात.

"आता निवांत देश बघायचा," असं ते सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. देश मोटारीतूनही दिसतो. मोटेलच्या खोल्यांना दारं असतात, ती लागतात आणि हवी तेव्हा उघडतातही. काकांना पाहिजे असते दुरुस्ती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल करून ते सत्तरच्या दशकात इकडे आले, एमएस केलं, पंपांचं डिझाइन करायला लागले आणि काम चांगलं केल्याची शिक्षा म्हणून मॅनेजर झाले. पुढची सगळी वर्षं त्यांनी स्क्रू पाहिला तो पॉवरपॉइंटमध्ये. घरात दुरुस्त करण्यासारखं होतं ते केव्हाच करून झालं होतं. काही वस्तू तर न बिघडताच दुरुस्त झाल्या आणि मग नवीन आणाव्या लागल्या. अशा माणसाला दर शंभर मैलांवर कुठेतरी सैल होणारी वस्तू मिळाली, तर त्याचं म्हातारपण सोन्याचं होतं.

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात. आमचे काका तिथला कारखाना आणि तिथलं ट्रेलरांचं संग्रहालय पाहून आले, ते पंढरपूरहून आल्यासारखे आले. बुक्क्याच्या जागी फक्त टोपीवर कंपनीचं नाव होतं. तेव्हापासून ते भेटेल त्याला समजावतात, की घर रस्त्यावरून ओढत न्यायचं म्हणजे त्याला रोज पाच-सहा तास भूकंपात ठेवायचं. सांगाडा पिळवटतो, चौकट काटकोन सोडते, आणि सगळ्याचा जाब शेवटी दाराच्या कुलपाला द्यावा लागतो. हे एक कुलूप म्हणजे खरं तर दोन. एक लॅच, दार ओढून घेतलं की आपोआप बसणारी. दुसरा जाड बोल्ट, वेगळ्या किल्लीने सरकणारा. दोन्ही एकाच काळ्या डबीत. आत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव तुकडे आणि एक बारीक स्प्रिंग. बाहेरून मूठ ओढली की आतला तुकडा फिरतो आणि लॅच मागे खेचतो. तो तुकडा झिजला किंवा तुटला की मूठ हलते, अगदी छान हलते, पण लॅचपर्यंत काही पोचत नाही.

"मी मॅनेजर होतो तेव्हा सेम," काका म्हणतात.

त्यांच्या ट्रेलरचं कुलूप रुसायला लागलं तेव्हा काकूंनी फोनवर शोधून वाचून दाखवलं. नवीन कुलूप ४०-५० डॉलरला मिळतं. दारातल्या भोकाचं माप बहुतेक ट्रेलरांत एकच, पावणेतीन बाय पावणेचार इंच. स्क्रू काढायचे, जुनी डबी बाहेर, नवी आत. अर्ध्या तासाचं काम. काकांनी हे सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे."

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिला मान खोबरेलाचा. त्यांच्या आईने सदाशिव पेठेतल्या वाड्याची प्रत्येक बिजागरी खोबरेलावर चालवली होती. जुलैमध्ये गुण आला, काकांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं ही गोष्ट पुण्याच्या बिजागऱ्यांना फारशी जाणवत नसेल, पेनसिल्व्हेनियातल्या कुलपाला सप्टेंबर अखेरीस जाणवली. मग काकूंचा हेअर ड्रायर कुलपासाठी बाहेर आला. मग कुणीतरी सांगितलं की कुलपाला ओलं वंगण नको, धूळ चिकटते, कोरडं घाला. म्हणून ग्राफाइटची पूड. कुलूप दोन दिवस चाललं. पुडीचा मुक्काम जास्त टिकला, कारण काकूंच्या मोती रंगाच्या शालीवर दाराला लागून गेल्याची खूण अजून आहे.

कुलूप उघडून आत बघू म्हटलं तर स्क्रूचं डोकं चौकोनी. कॅनडातल्या पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ मध्ये हा चौकोनी खाचेचा स्क्रू काढला आणि ट्रेलरवाल्यांचा त्याच्यावर भारी जीव. काकांकडे नाशिकचा तापडियाचा स्क्रूड्रायव्हर होता, सूटकेसमधून आणलेला, पिवळी मूठ आता मधाच्या रंगाची झालेली. तो चपटा. त्यांनी तो चौकोनात तिरका घालून फिरवून पाहिला, स्क्रूचा चौकोन गोल झाला, आणि मग आयुष्यात प्रथमच त्यांनी एका कॅनेडियन माणसाला मराठीत शिवी दिली. त्यानंतर चौकोनी बिटांचा संच आला, तो ठेवायला खोका आला, खोका ठेवायला ट्रेलरमध्ये फळी आली. चाव्यावाल्याला बोलावलं असतं तर दीडशे डॉलर गेले असते. काकांनी ते वाचवले. त्यासाठी चारशेची हत्यारं घ्यावी लागली, पण हत्यारं राहतात, असं ते म्हणतात. हे मला पटतं. राहतातच.

चाव्यावाला हा विषय तसा त्यांच्यापुढे काढू नये. पैशाची गोष्ट नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. आपल्या दारात दुसऱ्या माणसाने गुडघे टेकावेत आणि पाच मिनिटांत उठून 'झालं' म्हणावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नाही. त्यापेक्षा दोरी बरी. दाराशेजारी आधाराला धरायचा लांब दांडा असतो, तो दुमडला की दारावर आडवा येतो. काकांनी तो नाडीने बांधला आणि तसाच ट्रेलर महामार्गावर ओढला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. काका खिडकीतून हात हलवायचे. त्यांना वाटायचं, लोक कौतुक करताहेत.

अशा वेळी ते अपोलोची गोष्ट सांगतात. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघांना विलगीकरणासाठी ज्यात कोंडलं होतं ती खोली म्हणजे एअरस्ट्रीम कंपनीचा बदल केलेला ट्रेलरच. तो हॉर्नेट या जहाजावर ठेवला होता आणि अध्यक्ष निक्सन खिडकीबाहेरून त्यांच्याशी बोलले. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला होता, म्हणजे फट राहिली तर हवा आत जाईल, चंद्रावरचे जंतू बाहेर येणार नाहीत. काका तेव्हा कॉलेजात होते. त्या छायाचित्रात सगळ्या जगाने आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स पाहिले. काका आजही तो फोटो मोठा करून दाराची कडा बघतात. "रबर बघ कसं बसलंय," म्हणतात.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्याबरोबर शेनान्डोआच्या खोऱ्यात जायचा योग आला. काका, काकू, आठ वर्षांची नात आणि टॉर्च धरायला मी. काकांबरोबर जाणाऱ्या माणसाला टॉर्चखेरीज दुसरी भूमिका नसते, आणि टॉर्च कायम चुकीच्या जागी असतो. दुपारी जंगलात फिरून, लाल-पिवळी पानं बघून आम्ही परत आलो. काकांनी मूठ ओढली. मूठ छान हलली. दार जागचं हललं नाही.

"हत्यारं?" मी विचारलं.

"आत," काका म्हणाले. त्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. प्रकरण नीट रंगणार याची चाहूल होती.

कॅम्पग्राउंडवर पुरुषांना काही कळवावं लागत नाही. एक माणूस कुलपाकडे टक लावून उभा राहिला, की पाच मिनिटांत चार जण जमतात आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच कामाचं हत्यार असतं. शेजारच्या साइटवरचा ओहायोचा आजोबा सर्वांत आधी आला. त्यालाही निवृत्तीत ट्रेलर झालेला, त्याचीही बायको घडीच्या खुर्चीतून मान हलवत होती. त्याने कुलपाकडे पाहिलंच नाही. तो वाकून ट्रेलरच्या पायांकडे पाहू लागला. हे चार पाय फक्त डोलणं थांबवण्यासाठी असतात, वजन उचलायला नव्हे. काकांनी ते ड्रिल लावून, ड्रिल कण्हेपर्यंत आवळले होते. सांगाडा पिळला, चौकट तिरकी झाली, दार अडकलं, असं त्याचं निदान.

"नो, नो," काका म्हणाले. "लॅच."

"जॅक्स, बडी."

"लॅच!"

दोघंही खूश होते. आपल्यासारखा माणूस इतक्या लांब भेटतो कुठे? काकूंनी मात्र चहाची वेळ टळून अर्धा तास झाल्याचं सांगितलं, तेही मला, कारण आता तिथे ऐकणारा मीच उरलो होतो.

पाय सैल करायचे तर ते फिरवायचा दांडा पाहिजे. तो बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात, आणि कप्प्याची किल्ली आत. त्या किल्लीच्या काकांनी जादा प्रती करून घरात, गाडीत आणि मुलीकडे लपवल्या होत्या. गाडीतली कुठे लपवली ते त्यांना आठवेना. तेवढ्यात ओहायोच्या आजी खुर्चीतून उठल्या, आपल्या जुडग्यातली एक लहानशी किल्ली काढली, काकांच्या कप्प्याला लावली आणि कप्पा उघडला. किल्लीवर कोरलं होतं, सीएच ७५१. देशभरच्या असंख्य ट्रेलरांचे सामानाचे कप्पे वर्षानुवर्षं याच एका किल्लीने उघडत आले आहेत. ट्रेलरवाल्यांना हे माहीत असतं. काकांना नव्हतं. मंडळात त्यांनी एकदा 'प्रवासातील सुरक्षितता' या विषयावर व्याख्यान दिलं होतं, तेव्हा ही किल्ली गळ्यात घातली होती.

दांडा मिळाला. ओहायोच्या आजोबांनी पाय सैल केले, ट्रेलर कुरकुरला, थोडा खाली बसला. काकांनी मूठ ओढली. दार तसंच.

"लॅच," काका हळूच म्हणाले.

"गिव्ह इट अ मिनिट. लेट इट सेटल."

ते मिनिट संपेपर्यंत थांबायला काकू तयार नव्हत्या. त्यांनी नातीला कप्प्याकडे बोट दाखवलं. काही ट्रेलरांत हा कप्पा थेट पलंगाखाली जातो आणि पलंगाची फळी खालून उचलता येते. पोरगी आडव्या खुर्च्या, पाण्याचा पाइप आणि काकांची ग्राफाइटची बाटली ओलांडून आत सरपटली. आतून गोधडी सरकल्याचा आवाज आला, मग पायांचा, मग बाकरवडीचं पाकीट फुटल्याचा. मग आतली मूठ फिरली आणि दार उघडलं. दारात काळ्या हातांची, भरल्या तोंडाची नात.

टाळ्या पडल्या. काकूंनी पायरीवर पाय ठेवला.

"थांबा!" काका ओरडले. "कुणी आत जायचं नाही. उघडलं कशाने ते कळलंय का कुणाला? पाय सैल केल्यामुळे का आतून ओढल्यामुळे? असं अर्धवट चालणार नाही. राणी, तू आतच थांब. दार लावून घे बघू."

"अहो, चहा—"

"दोन मिनिटं!"

ओहायोच्या आजोबांनी मान डोलावली. प्रयोग त्यालाही रास्त वाटला. नातीने दार ओढलं. खट्. काकांनी बाहेरून ओढलं, मूठ हलली, दार नाही. ओहायोच्या आजोबांनी ओढलं. नाही. मी टॉर्च धरला, चुकीच्या जागी.

"आता तू आतून उघड," काका म्हणाले.

आतून खटपट ऐकू आली. परत खटपट. मग शांतपणे बाकरवडी चावल्याचा आवाज.

"आजोबा, इट्स स्टक अगेन. फ्रॉम इनसाइड टू."

काकांनी ओहायोच्या आजोबांकडे वळून दोन्ही हात पसरले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"आय टोल्ड यू," ते म्हणाले. "लॅच!"