सोवळ्याचे टायर

जबलपुरात व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या मराठी माणसाची नजर गाडीतून उतरल्यावर आधी टायरांवर जाते. आमचे काका तर चारही व्हॉल्व्हवरची हिरवी टोपणं मोजून घेतात. हिरवं टोपण म्हणजे आत नायट्रोजन. पेट्रोल पंपावरची हवा फुकट असते, आणि फुकटची वस्तू धड असते यावर काकांचा विश्वास नाही.

पंचाईत अशी की काका खोटं बोलत नाहीत. पंपावरच्या हवेत ओलावा असतो, खरं. नायट्रोजन रबरातून जरा हळू झिरपतो, तेही खरं. १९८६ साली मेक्सिकोत साध्या हवेचा टायर तापलेल्या ब्रेकने फुटला, विमान पडलं आणि १६७ माणसं गेली; मोठ्या विमानांच्या टायरांत त्यानंतर नायट्रोजन सक्तीचा झाला. ही हकीकत काका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढत असतानाच सांगतात. त्यांची स्वतःची गाडी रांझीहून ग्वारीघाटला जाते, तीही चाळिशीच्या वेगाने.

‘‘काका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो की!’’

‘‘घात उरलेले बावीस टक्के करतात!’’

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने ३१ प्रकारचे टायर ३० पौंडांवर भरून वर्षभर उघड्यावर ठेवले होते. साध्या हवेचे सरासरी साडेतीन पौंडांनी उतरले, नायट्रोजनचे २.२ने. म्हणजे अख्ख्या वर्षात सव्वा-दीड पौंडाचा फरक. मी हे सांगितलं तर काका विजयी मुद्रेने काकूंकडे वळले, ‘‘बघ, अमेरिकेनेही मान्य केलं!’’

फॅक्टरीत स्टॅलियन ट्रक बनायचे, लष्करात जायचे. त्यांच्या टायरांत काय भरत होतात, असं एकदा विचारलं. ‘‘ते सरकारी काम होतं,’’ म्हणाले.

एकदा टायरच्या दुकानातल्या पोराला मीच विचारलं, हा गॅस येतो कुठून? ‘‘यहीं की हवा खींचती है मशीन, भैया, और छानती है.’’ इथली, म्हणजे रांझीची. ट्रकांचा धूर, धूळ आणि शेजारच्या समोशाच्या कढईचा वास असलेली. काकांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, ‘‘छानती है ना? बस.’’

आजी सोवळ्यात असली की आम्हा पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबवायची. काकांनी ते सोवळं टायरांत नेलंय. आधी जुनी हवा पूर्ण काढायची, मग नायट्रोजन भरायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा भरायचा. मध्येच कोणी साध्या हवेचे दोन पौंड मारले की टायर बाटला. मे महिन्यात पारा ४३वर गेला की ते निर्धास्त असतात. नायट्रोजन उन्हाने फुगत नाही, ही त्यांची श्रद्धा. वास्तविक कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर सारखेच फुगतात, पण श्रद्धेला काटा दाखवून उपयोग नसतो. काटा ते वापरतही नाहीत. ‘‘नायट्रोजन उतरत नाही, मग मोजायचं काय?’’ साधी हवा भरणारा निदान महिन्यातून एकदा पंपावर थांबतो.

परवा पुतणीच्या लग्नाला नागपूरला निघालो. सिवनीच्या अलीकडे मागचा टायर बसला. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. नायट्रोजनचीच होती, कित्येक वर्षांपूर्वीची, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याने खिळा काढला, पंक्चर काढलं आणि कॉम्प्रेसरची नळी उचलली. काका आडवे आले. ‘‘नायट्रोजन है?’’ त्याने शांतपणे विचारलं, ‘‘बारात में जाना है कि नहीं?’’ काकूंनी गाडीतूनच डोळे वटारले. हवा भरली गेली. काकांनी ते हिरवं टोपण मात्र काढून खिशात ठेवलं.

नागपुरात मुहूर्ताला पाऊण तास होता. काकांनी गाडी कार्यालयाकडे न नेता आधी टायरच्या दुकानात घातली, आणि चारही टायर रिकामे करायला सांगितले.

‘‘अहो, साधी हवा एकाच टायरात आहे ना?’’ काकू म्हणाल्या.

‘‘हो, पण बाकीचे तीन सिवनीपासून त्याच्याच पंगतीला आहेत!’’