मागं तीन भोकं हायत का?

स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर पुष्कळांनी घेतला, पण त्याचे मालक फार थोडे झाले. २००६-०७ च्या पुढं तो दीड-दोन हजारांत मिळायला लागला. मग सातारा-सांगलीकडं उसाचं बिल नाहीतर दिवाळीचा बोनस हातात पडला की मंडळी मोती चौकात किंवा हरभट रोडला जायची आणि खोकं काखोटीला मारून घरी यायची. त्यातल्या बहुतेकांनी चार-पाच वर्षांत ते भंगारवाल्याला दिलं आणि विसरून गेले. ती नुसती गिऱ्हाइकं. मालक तो, ज्याच्या शोकेसमध्ये ते आजही क्रोशाच्या रुमालाखाली बसलंय, ज्याच्या माळ्यावर त्याचं खोकं आतल्या थर्माकोलसकट शाबूत आहे आणि जो त्याला प्लेअर म्हणत नाही, 'मशीन' म्हणतो.

साताऱ्यात या माणसाला आबा म्हणतात, सांगलीत आण्णा. दोघं बहुधा एकमेकांचे साडू असतात; नसले तरी वागणं साडूंचंच. कृष्णा एकच, ती माहुलीला आबांच्या शिवेवरून जाते आणि आयर्विन पुलाखालून आण्णांच्या गावात शिरते. पण वाटेत पाण्याला काहीतरी होत असावं. साताऱ्याला राजधानीचं वळण, त्यामुळं आबा मशीनची किंमत सांगत नाहीत, गुण सांगतात. सांगली पडली हळदीची पेठ. आण्णा आधी किंमत सांगतात, गुण ज्याचे त्यानं समजून घ्यायचे.

मशीन मात्र दोघांचं जवळपास एकच. पुढच्या पट्टीवर जपानी वाटावं असं नाव, आतला बोर्ड चीनचा, आणि रिमोटवर इतकी बटणं की त्यातली निम्मी कशाची आहेत हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. दोघंही दुकानात गेले होते नामांकित कंपनीचा घ्यायला. आले हा घेऊन. घरी विचारलं तेव्हा दोघांनी एकच उत्तर दिलं, "कंपनीच्या मशीनला नखरे फार."

ही थाप होती, पण पुढं ती खरी निघाली. डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाचे सहा वाटे पाडले होते. अमेरिका एक नंबरात, जपान आणि पश्चिम युरोप दोन नंबरात, आणि आपण पाच नंबरात, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याचशा भागाच्या पंगतीला. एका वाट्याची डिस्क दुसऱ्या वाट्यातल्या प्लेअरवर चालायची नाही. भारीतला प्लेअर हा नियम इमानेइतबारे पाळायचा. आबांच्या मशीनला असा काही नियम आहे हेच ठाऊक नव्हतं. शेजारच्या प्राध्यापकांच्या मुलीनं अमेरिकेहून पोरांसाठी कार्टूनची डिस्क आणली, ती प्राध्यापकांच्या चार हजारांच्या प्लेअरनं दारातच अडवली. प्राध्यापक डिस्क घेऊन आबांकडं आले. आबांच्या मशीननं थोडी घरघर केली आणि चित्र दिसायला लागलं. त्या दिवसापासून आबा प्राध्यापकांना जिन्यात भेटले की आधी प्रकृती विचारतात आणि मग म्हणतात, "काय सर, मशीन काय म्हणतंय?"

मशीन चालू करण्याचा अधिकार घरात एकट्या आबांना. रिमोट अजून मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी पिवळी पडून आकडे दिसेनासे झाले तरी बोटांना पाठ आहेत. डिस्क ते कडेला धरून काढतात, तिच्यावर 'हाऽऽ' करून वाफ सोडतात आणि बनियनच्या टोकानं पुसतात. पुसायचीही रीत आहे. मधून बाहेर, सरळ. गोल गोल पुसणाऱ्याला आबा घरात ठेवणार नाहीत, आणि यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. डिस्कवरची माहिती गोल वाटेनं लिहिलेली असते. आडवा ओरखडा गेला तर प्लेअर तेवढं सांभाळून पुढं जातो, पण ओरखडा त्या वाटेनंच गेला तर सलग मजकूर गेला. हे आबांना कुणी सांगितलं कोण जाणे. टूथपेस्ट लावण्याचा सल्ला देणाऱ्यांकडं ते ज्या नजरेनं बघतात, ती मला तोंडी परीक्षेला परीक्षकांच्या डोळ्यांत दिसली होती.

मग ट्रे. ट्रे बटणानं उघडत नाही. आतला रबरी पट्टा सैल झालाय, त्यामुळं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यावर दोन बोटांची चापट मारायची. जोरात मारली तर ट्रे बाहेर येऊन पुन्हा आत जातो, हळू मारली तर येतच नाही. ही चापट आबांनी मुलाला शिकवून पाहिली, जावयाला शिकवून पाहिली. दोघांनाही जमली नाही, आणि आबांनी ती जमू दिली असती असं मला वाटत नाही. डिस्क आत गेली की पडद्यावर 'रीडिंग' येतं. घरात कुणी बोलत नाही. काकी सुद्धा हातातली लसूण सोलायची थांबतात. 'नो डिस्क' आलं की सगळ्यांनी डिस्ककडं बघायचं. मशीनकडं बघणं हा मशीनचा अपमान.

भारनियमनाच्या काळात या मशीननं आबांच्या कुटुंबाला एक विचित्र संस्कार दिला. लाईट गेली की मशीन सगळं विसरायचं. भारीतला प्लेअर जिथं थांबला तिथून पुढं सुरू व्हायचा; हा परत पहिल्यापासून. आधी कायद्याची ताकीद, मग कंपनीचं बोधचिन्ह, मग जाहिराती, आणि त्या ओलांडायला गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा हात 'नाही' म्हणायचा. त्यामुळं 'स्वदेस' हा तीन तासांवरचा पिक्चर आबांच्या घरात सगळ्यांनी सुरुवातीपासून अनेकदा पाहिला आणि शेवटापर्यंत कुणीच नाही. नायक अमेरिकेतून आला एवढं नक्की. परत गेला का, यावर काकींचं आणि सुनेचं अजून एकमत नाही.

अर्थात, लाईट न जाताही शेवट गाठला गेला असता याची खात्री नव्हती, कारण आबांच्या हाताशी पॉजचं बटण होतं. 'स्वदेस'मधलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं म्हणून दाखवलंय, पण चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीचं. घाट दिसला की आबा चित्र थांबवत. "हे बघ. नाना फडणवीसांचा घाट." मग वाडा. मग पडद्यावर नसलेली घंटा: चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तिथली पोर्तुगिजांची घंटा ही, इथं मेणवलीत आणून टांगली. घंटा सांगून होईपर्यंत चहा होई. 'गंगाजल' तर बिहारची गोष्ट, २००३ ची, पण तीही वाई परिसरातच चित्रित झालेली. आबा झूमचं बटण दाबून गर्दी चौपट मोठी करत. चौपट केल्यावर पडद्यावर नुसते चौकोन उरत. "ह्यो बघ, ह्यो डावीकडचा. आपल्या रसद्याचा बंडा." बिहारी जमावात बंडा शोधून देणारं यंत्र दीड-दोन हजारांत दुसरं कुठलं मिळालं असतं?

आण्णांची रीत वेगळी. आण्णांनी मशीन डीव्हीडीचं घेतलं, पण डीव्हीडी क्वचित घेतल्या. मोझर बेअर या चकत्या काढणाऱ्या कंपनीनं २००७ च्या सुमाराला बाजार पाडला, व्हीसीडी २८ रुपये आणि डीव्हीडी ३४. आण्णांनी दुकानातच हिशेब मांडला. डीव्हीडीत मिळणार एक चकती. व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून पिक्चरला दोन चकत्या, कधी तीन. "म्हणजे जास्त माल, आणि वर सहा रुपये कमी!" चित्र चौपट बारीक दिसतं हे दुकानदारानं सांगून पाहिलं. आण्णा म्हणाले, "लांबनं बघायचं की." शिवाय पहिली चकती संपली की उठून दुसरी घालावी लागते, म्हणजे फुकटचं मध्यंतर, आणि मध्यंतराला चहा आणि भडंग. सांगलीच्या माणसाला मध्यंतराशिवाय करमणूक झाल्यासारखी वाटत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ ला 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं. त्या गावाला नाटकाच्या सीडीवर कसं बसायचं हे शिकवायला नको. आण्णा नाटकाची सीडी लावताना तिसरी घंटा स्वतः तोंडानं देतात. नाटक भावे नाट्यमंदिरातल्या तिकिटाच्या पैशात किती वेळा पाहून झालं याची नोंद सीडीच्या कव्हरच्या आत पेन्सिलीच्या रेघांनी केलेली असते. पाच रेघा झाल्या की आडवी.

एकदा कुणीतरी आण्णांना 'सहा पिक्चर एकात' अशी डिस्क दिली. थेटरात बसून चोरून काढलेलं काम. अर्ध्यात कुणीतरी प्रेक्षक उठून पडद्यासमोरून गेला तर आण्णा घरातून ओरडले, "अहो, बसा की खाली!" पिक्चरच्या मालकाचं नुकसान होतं वगैरे मुद्दा मी काढला. आण्णांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "तरी म्हटलं, सहाच्या सहा निम्म्यात का संपतात."

खराब झालेली डिस्क आबा जपून ठेवतात, 'कधीतरी चालंल' म्हणून. आण्णा ती तासगावच्या मेव्हण्याकडं पाठवतात. तिथं ती द्राक्षबागेत दोऱ्याला टांगलेली असते. उन्हात चकाकते, पाखरं दूर राहतात. आण्णांच्या हिशेबात ती २८ रुपये अजूनही फेडतेच आहे.

दुरुस्तीवरून साडूंचं कायमचं वाजलेलं. मशीन डिस्क वाचेना झालं की दोष लेन्सचा. आत एक नाही, दोन तऱ्हेचे लेसर लागतात: डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा, सीडीला ७८० चा. त्यामुळं मशीन कधी कधी अर्धंच आंधळं होतं, डीव्हीडी दिसते आणि सीडी दिसत नाही. आबा स्पिरिटमध्ये कापूस बुडवून लेन्स पुसतात आणि तेवढ्यावर थांबतात. आण्णांनी पेचकस घेऊन आतला मोहरीएवढा स्क्रू पाव आटा फिरवला. त्यानं लेसरचा जोर वाढतो, मशीन ओरबाडलेल्या डिस्काही वाचायला लागतं, आणि आयुष्य कमी होतं. "कुणाचं?" आबांनी फोनवर विचारलं. सैल पट्ट्याच्या जागी आण्णांनी भडंगाच्या पिशवीचं रबर लावलंय. त्यांचा ट्रे बटणाबरोबर फटकन बाहेर येतो, आणि पाहुणा समोर बसला असेल तर त्याच्या मांडीवर डिस्क पडते. आबांना हे मान्य नाही. त्यांच्या मते चापट हीच मूळ पद्धत.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी ४५ ची. आण्णांच्या गल्लीत कमरेइतकं आलं. वरच्या मजल्यावर सामान न्यायचं ठरलं तेव्हा आधी कागदपत्रं गेली, मग मशीन, मग धान्य. फ्रीज खालीच राहिला. आण्णांच्या घरच्या काकी अजून विषय काढतात. आण्णांचं म्हणणं, फ्रीज आता कुणीही विकतो.

यात त्यांची चूक नाही. आबांच्या थोरलीचं लग्न, आण्णांच्या मुलाचं बारसं, गावची जत्रा, सगळं त्या काळी फोटो स्टुडिओवाल्यांनी डीव्हीडीवर दिलं. बदामातून नवरा-नवरी, ट्युलिपच्या शेतातून नवरा-नवरी, पाठीमागं ताजमहाल आणि पुढं करवल्या. त्याची दुसरी प्रत कुणाकडं नाही. घरी लिहिलेल्या डिस्कचा थर रंगद्रव्याचा असतो, तो उन्हानं आणि दमटपणानं उडत जातो. मोबाईलमध्ये घालून ठेवा असं पोरं सांगतात आणि आबा 'बघू' म्हणतात. ज्या मोझर बेअरनं कोऱ्या आणि भरलेल्या चकत्यांनी देश भरून टाकला, ती कंपनी २०१८ ला दिवाळखोरीत निघाली. आबांनी बातमी वाचली, कात्रण काढलं आणि मशीनखाली ठेवलं.

तर गेल्या दिवाळीत आबांकडं नवा टीव्ही घ्यायचा ठरला. दुकानातला पोरगा त्रेचाळीस इंची पडद्यावर पोपट, धबधबे, काप केलेली फळं दाखवत होता. आबांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. धोतर सावरून ते टीव्हीच्या मागं गेले आणि वाकले.

"मागं तीन भोकं हायत का? पिवळं, तांबडं, पांढरं?"

"आबा, आता ते येत नाही. सगळं एचडीएमआय. आणि सीडी कशाला? नुसतं तोंडानं बोला, टीव्ही लावतो."

"आमच्या थोरलीचं लग्न लाव म्हणून सांग त्याला."

पोरगा गप्प झाला. मग त्यानं ड्रॉवरमधून एक काड्यापेटीएवढी डबी काढली. तीन भोकांचं एका भोकात रूपांतर करणारी. सव्वाचारशे रुपये. आबा म्हणाले, टीव्ही अर्धवट विकताय तर डबी तुमच्याकडून. डबी दुकानाकडूनच आली.

रात्री चापट बसली, 'रीडिंग' आलं, आणि थोरलीचं लग्न नव्या टीव्हीवर लागलं. जुनं चित्र चौकोनी, नवा टीव्ही लांबट; त्यानं ते खेचून दोन्ही कडांना टेकवलं. मांडवात सगळेच रुंद. अंतरपाट धरणारे भटजी दरवाजाएवढे. काकी पुढं सरकून बघत राहिल्या. "मी इतकी जाड होते?"

"तू न्हवं, टीव्ही जाड हाय," म्हणून आबांनी रिमोट घेतला, सेटिंगमध्ये तासभर घुसले आणि चित्र मुळासारखं चौकोनी करून आणलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे काकी पूर्वीच्या मापाच्या. मग मोठ्या समाधानानं त्यांनी सांगलीला फोन लावून सगळं सविस्तर सांगितलं.

पलीकडं थोडा वेळ आण्णा गप्प. मग म्हणाले, "आबा, पैसे सगळ्या रुंदीचे दिलेत न्हवं? मग कडंच्या पट्ट्या मोकळ्या कशाला सोडताय? लांबवा की, वहिनी काय, दोन दिवसांत सवय होईल."